सातवी आज्ञा आणि मोटारसायकलची दुरुस्ती

रविवारची मिस्सा आटोपून मंडळी चर्चबाहेर येतात, तेव्हा आवारात कोणते दृश्य दिसते? ज्या झाडाखाली आमच्या आजोबांच्या काळी बैलगाड्या सुटत आणि वडिलांच्या काळी सायकली टेकलेल्या असत, त्याच जागी आता मोटारसायकलींची रांग लागते. कुणी वृद्ध आईला मागे बसवून आणलेले असते, तर कुणाच्या गाडीला दुधाच्या किटल्या अडकविण्याचे लोखंडी कडे तसेच लटकत असते. मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. खेड्यातल्या कुटुंबात तिने बैलाची जागा घेतली आहे. दूध डेअरीवर तीच पोचविते, मुलांना शाळेत तीच सोडते, आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठावयाचा झाला तर पहिली आठवण तिचीच होते.

बैल आजारी पडला तर आपण स्वस्थ बसत नाही. मग पैसे मोजूनही गाडीची दुरुस्ती नीट होत नसेल तर स्वस्थ का बसावे? या प्रश्नाचा विचार करावयास आम्हांला एका अनुभवाने भाग पाडले. आमच्या हातून झालेल्या चुका इतरांस टाळता याव्यात, एवढ्याच हेतूने तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सोसायटीचे कर्ज काढून आम्ही नवी गाडी घेतली. पहिले काही महिने बरे गेले. नंतर तिला एक खोड लागली. खड्ड्यात चाक आपटले की इंजिन एकाएकी गप्प होई, आणि थोडी खटपट केल्यावर जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा सुरू होई. ज्या विक्रेत्याकडून गाडी घेतली होती, त्याच्याच शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये आम्ही ती नेली. मेजामागच्या तरुणाने तक्रार ऐकून घेतली, संगणकावर काहीतरी टिपले, आणि संध्याकाळी गाडी धुऊन चकचकीत करून आमच्या स्वाधीन केली. "काका, सगळं चेक केलंय. आता काही त्रास होणार नाही," असे त्याने हसतमुखाने सांगितले.

तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. असे एकदा नव्हे, चार वेळा झाले. दर खेपेस तीस किलोमीटर जावयाचे, दिवसभराचे काम बुडवावयाचे, आणि धुतलेली गाडी व तेच आश्वासन घेऊन परतावयाचे! चौथ्या खेपेच्या बिलात नव्या एअर फिल्टरची किंमतही लावलेली होती. आम्ही ती मुकाट्याने दिली.

पुढे आषाढातल्या एका रात्री आईला ताप चढला आणि धाप लागली. तिला मागे बसवून आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर, रानातल्या उतारावर, गाडीने दगा दिला. पाऊस कोसळत होता. काही केल्या इंजिन दाद देईना. आई एका शब्दानेही बोलली नाही. डोक्यावर घोंगडी घेऊन ती रस्त्याकडेच्या दगडावर रोझरीचे मणी ओढीत बसून राहिली. पाऊण तासाने भाजीचा एक टेंपो आला आणि त्या भल्या माणसाने आम्हांला दवाखान्यात पोचविले. देवाच्या दयेने आई बरी झाली. परंतु तो पाऊण तास आम्ही आजही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत गावातल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने बाजूचे झाकण काढले. बॅटरीच्या टोकावरचा स्क्रू सैल होता आणि तेथली वायर बोटाने हलत होती. मग त्याने फिल्टर काढून आमच्या हातावर ठेवला. नवा म्हणून ज्याचे पैसे आम्ही मोजले होते, तो फिल्टर आमच्या रस्त्यावरच्या तांबड्या मातीने पुरता माखलेला होता! मिस्त्रीने स्क्रू आवळला. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्यानंतर गाडी अशी वाटेत कधी थांबली नाही.

एवढ्याशा स्क्रूने एवढी मोठी गाडी कशी अडते, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. जुन्या अनेक गाड्यांची बॅटरी निकामी झाली तरी किक मारून इंजिन चालत असे, कारण ठिणगीपुरती वीज ते फिरता फिरता स्वतःच निर्माण करी. 1 एप्रिल 2020 पासून आपल्या देशात नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची मानके लागू झाली. तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला आणि विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप व इंजेक्टर आला. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बॅटरीची वायर क्षणभर सुटली तरी पंप थांबतो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. शिवाय या नव्या यंत्रणेचे बरेचसे दोष तपासावयास खास उपकरण लागते आणि ते प्रायः विक्रेत्याकडेच असते. पूर्वी गावचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष ओळखी. आता वॉरंटीसाठी आणि तपासणीसाठी आपणांस शहरातच जावे लागते. ज्याच्यावाचून दुसऱ्याचे चालत नाही, त्याची जबाबदारी अधिक असते, हे विक्रेत्याने विसरता कामा नये.

आता आमच्या चुकांविषयी. चारही वेळा तक्रार आम्ही तोंडी सांगितली. ज्या कागदावर गाडीची कामे लिहितात, त्या जॉब कार्डची प्रत आम्ही कधी मागितली नाही. बदललेला जुना भाग दाखवा, असेही म्हटले नाही. आणि गाडी आमच्या हाती आल्यावर ती खडबडीत रस्त्यावर चालवून पाहण्यापूर्वीच आम्ही काम समाधानकारक झाल्याच्या रकान्यात सही ठोकून दिली!

अशा प्रसंगी आपल्याकडे दोन प्रकार आढळतात. कुणी म्हणतो, जाऊ द्या, देव पाहून घेईल. कुणी मेजावर मूठ आपटून चार शिव्या हासडतो आणि मन मोकळे करून घरी येतो. सहनशीलता हा सद्गुण खरा, परंतु आपल्या आळसाला किंवा भिडस्तपणाला ते नाव देणे बरे नव्हे. आपण गप्प राहिलो तर उद्या तोच स्क्रू दुसऱ्या कुणाच्या आईला रानात बसवील. आणि शिव्यांनी तर कुठलाच स्क्रू आवळला जात नाही.

या दोहोंखेरीज तिसरा एक मार्ग आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने तो दाखविला आहे. तुझ्या भावाने तुझा अपराध केला, तर प्रथम त्याच्याकडे एकट्याने जा. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना साक्षीस घे. तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे सांग. प्रभूने हे बंधुजनांतील अपराधाविषयी सांगितले आहे, हे आम्ही जाणतो. तथापि बाजारातल्या व्यवहारासही हा क्रम किती योग्य आहे, हे आम्हांला अनुभवाने कळले.

प्रथम आम्ही एकटेच गेलो आणि मेजाशी न थांबता व्यवस्थापकांना त्यांच्या खोलीत भेटलो. त्यांनी फिल्टर पाहिला आणि म्हणाले, "गाडी तुम्ही बाहेर उघडलीत. आता आम्ही काय करणार?" गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी विक्रेत्याला निदान फोन करावयास हवा होता, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. वॉरंटीतील गाडी शक्यतो त्यांच्याच माणसाकडून, पण आपल्या डोळ्यांदेखत उघडवून घ्यावी.

दुसऱ्या खेपेस आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त पोस्टमास्तर आणि आमचे चुलतबंधू, असे दोघे सोबत आले. पोस्टमास्तरांनी एक अर्ज लिहून दिला होता. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. कोणत्या तारखेस गाडी दिली, त्या वेळी मीटरवर किती किलोमीटर होते, काय तक्रार सांगितली, कोणत्या बिलाने किती पैसे भरले, आणि आता आमची मागणी काय, एवढेच होते. अर्जाच्या तीन प्रती होत्या. एक त्यांच्या हाती दिली आणि दुसरीवर तारखेसह शिक्का घेतला. तिसरी गाडी बनविणाऱ्या कंपनीकडे रजिस्टर टपालाने धाडली. आठव्या दिवशी निरोप आला. या वेळी गाडी आमच्यासमोर उघडण्यात आली, नवा फिल्टर आमच्यासमोर बसविण्यात आला, आणि आधी घेतलेले पैसे परत मिळाले. व्यवस्थापकांनी दिलगिरीही व्यक्त केली. ती आम्ही मनापासून स्वीकारली.

आमचे काम दुसऱ्या पायरीवरच भागले. ज्यांचे भागणार नाही, त्यांच्यासाठी तिसरी पायरी कायद्याने बांधून ठेवली आहे. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो आणि तेथे मराठीतून व कन्नडमधूनही बोलता येते. हे न्यायालय नव्हे, परंतु तक्रार कंपनीपर्यंत पोचवून समेटाचा प्रयत्न तेथे होतो. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. त्यानुसार विक्रेता कुठल्याही शहरातला असो, आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावयास हवी. वस्तूसाठी वा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही, आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. दोष दूर करून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा हुकूम आयोग देऊ शकतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण गाडीवरून दूध किंवा भाजी विकतात. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही, असे सांगून कुणी त्यांना परतवू पाहील. त्यांनी घाबरू नये. केवळ स्वतःच्या श्रमाने पोट भरण्यासाठी जो वस्तू वापरतो, त्याला कायदा ग्राहकच मानतो. आणखी एक गोष्ट. मालाची वा कामाची पावती न देणे हाही या कायद्याने अनुचित व्यापार ठरविला आहे. तेव्हा पावती मागण्यात संकोच कसला? प्लॅस्टिकच्या एका पिशवीत गाडीची सर्व बिले आणि जॉब कार्डे तारीखवार ठेवावी. न्यायाचे निम्मे काम ती पिशवीच करते.

हे सर्व सांगताना एका व्यक्तीला विसरणे अन्यायाचे होईल. नवा फिल्टर बसविताना आम्ही त्या कामगार मुलाला विचारले, "बाळा, चार वेळा गाडी आली. एकदाही झाकण काढून पाहिलं नाहीस?" तो मान खाली घालून म्हणाला, "काका, दिवसाला दहा-बारा गाड्या अंगावर असतात. धुवायला वेळ मिळतो, उघडून बघायला मिळत नाही." त्याचे हात ऑइलने काळे झाले होते आणि वय आमच्या थोरल्या मुलाएवढेच होते. त्या उत्तराने आमचा उरलासुरला राग ओसरला. दोष केवळ त्या मुलाचा नव्हता. जेथे गाड्या मोजल्या जातात आणि काम मोजले जात नाही, तेथे असेच घडणार. म्हणून तक्रार करावी ती मालकाकडे आणि लेखी करावी. पोराच्या अंगावर ओरडू नये.

चोरी करू नको, ही देवाची सातवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. परंतु ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने याच आज्ञेच्या विवरणात व्यापारातील फसवणुकीबरोबर वाईट रीतीने केलेल्या कामाचीही गणना केली आहे. न बदललेल्या फिल्टरचे पैसे घेणे ही चोरी आहे, हे कुणीही मान्य करील. पण पैसे घेऊन काम निष्काळजीपणे उरकणे हेही त्याच आज्ञेच्या कक्षेत येते, हे लक्षात घेतले म्हणजे बोट आपल्याकडेही वळते. डेअरीत दूध घालताना, मजुरीवर बांध घालताना, शाळेत शिकविताना, कचेरीत बसताना, आपले काम आपण कसे करतो? 1955 साली पोप बाराव्या पायस यांनी 1 मे हा दिवस कामकरी संत जोसेफचा सण म्हणून ठरवून दिला. त्या सुताराने केलेले जू कुणा शेतकऱ्याच्या बैलाची मान खरचटवीत असेल, असे आमच्याने तरी मनात आणवत नाही.

ग्राहकांचा पहिला मोठा कायदा 1986 साली झाला. त्याला राष्ट्रपतींची संमती 24 डिसेंबरला मिळाली, म्हणून तो दिवस देशात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. आपण त्या दिवशी गोठा सजविण्यात आणि करंज्या तळण्यात गढलेले असतो. यंदा त्या गडबडीत पाच मिनिटे काढून गाडीच्या कागदांची पिशवी एकवार तपासावी, आणि आपल्या कामात कुठला स्क्रू सैल राहिला आहे काय, हेही पाहावे. मध्यरात्रीच्या मिस्सेला आईला मागे बसवून न्यावयाचे असते.