आधी इंजिन, मग विमान

हुबळीजवळच्या तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, वेल्डिंग, शीट मेटलची कामं हाकेच्या अंतरावर होतात. इथे कुणी स्वतः अल्ट्रालाइट बांधायचं मनावर घेतलं, तर कारागिरीवाचून अडणार नाही. अडेल ते जोडीपाशी, म्हणजे हाताशी असलेल्या इंजिनाला कोणतं विमान पेलेल इथे. हौशी माणूस आधी चित्रातल्या विमानावर भाळतो आणि मग इंजिन धुंडाळतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. नकाशे ढिगाने मिळतात, खिशाला झेपणारं चांगलं इंजिन मात्र एखादंच असतं.

फोर्डच्या इंजिनाभोवती बेतलेलं विमान

अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्नार्ड पिटनपोल या मेकॅनिकने 1929 च्या सुमारास हेच केलं. फोर्ड मॉडेल-ए गाडीचं 40 हॉर्सपॉवरचं इंजिन जड, पण मंद फिरणारं आणि सहज मिळणारं. त्याने ते पक्कं धरलं आणि त्याच्या वजनाला, फेऱ्यांना साजेसं मोठ्या पंखांचं ‘एअर कॅम्पर’ बेतलं. त्याच्या नकाशांवरून लोक आजही विमानं बांधतात.

तयार विमानाचं इंजिन बदलताही येतं. आपल्याकडे बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने आपल्या ‘हंसा’ विमानाचं इंजिन बदललं आहे. पण तिथे बोगदा-चाचण्या करायला आणि गणितं तपासायला संस्था पाठीशी होती. शेडमध्ये बांधणाऱ्याने मूळ आराखडाकाराने स्वतः उडवून पाहिलेलं इंजिनच बसवावं.

पठारावरची हवा

हुबळी विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 660 मीटर. मे महिन्यात पारा 37 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, जणू आपण 1600 मीटरांवर उभे आहोत. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद अशा वेळी ढोबळमानाने 15 टक्के घटते.

एवढ्याने काय होतं, असं वाटेल. 300 किलो वजनाचं विमान आणि 40 हॉर्सपॉवरचं इंजिन धरा. प्रोपेलर त्यातली 60 टक्के ताकद कामी आणतो, म्हणजे 24. नुसतं सपाट उडायला 10 लागतात. उरलेल्या 14 वर विमान चढतं. आता दुपारच्या तापल्या हवेत इंजिन देतं 34, प्रोपेलरमधून मिळतात 20 च्या आसपास. विरळ हवेत सपाट उडायलाही थोडी जास्त, जवळपास 11 लागते. शिल्लक राहते साडेनऊ. म्हणजे इंजिन 15 टक्क्यांनी दुबळं झालं, पण चढाई जवळपास तिसऱ्या हिश्शाने गेली. समोर नारळाची झाडं किंवा विजेच्या तारा असतील, तर हाच हिशोब कामाचा. म्हणून आराखड्यात ‘किमान 40’ लिहिलं असेल, तर तारिहाळच्या माणसाने 50 पाहावं.

फेरे आणि प्रोपेलर

हॉर्सपॉवरचा आकडा ऐकून भुलू नये. हळू उडणाऱ्या, तारा आणि नळ्या उघड्या असलेल्या विमानाला मोठा आणि संथ प्रोपेलर लागतो. रोटॅक्स 503 सारखं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या जवळ जातं. त्यावर दीड मीटरचा प्रोपेलर थेट बसवला, तर त्याची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे जातील. आवाज मोठा आणि ओढ कमी. म्हणून मध्ये गिअरबॉक्स हवा. तो असला की अशा इंजिनावर क्विकसिल्व्हरसारखी उघडी विमानं छान चालतात.

फोक्सवॅगन बीटलचं इंजिन थेट प्रोपेलर फिरवतं, 3200-3400 फेऱ्यांवर. प्रोपेलर त्यामुळे आखूड ठेवावा लागतो. त्याला सोनेराई किंवा केआर-1 सारखं गुळगुळीत, वेगवान विमान शोभतं. अपवादही आहेत. ‘लीगल ईगल’ हे त्याच इंजिनाच्या अर्ध्या भागावर, म्हणजे दोनच सिलिंडरांवर उडतं आणि अमेरिकेतल्या अल्ट्रालाइटसाठीच्या सुमारे 115 किलो रिकाम्या वजनाच्या मर्यादेत बसतं.

मारुती 800 च्या इंजिनाचा मोह इथे कुणालाही होईल. 37 हॉर्सपॉवर, सुटे भाग गल्लोगल्ली. पण गाडी पूर्ण ताकद घाटात किंवा ओव्हरटेकला क्षणभर मागते, विमान मोठा भार तासभर मागतं. शिवाय रेडिएटर, पाणी, नळ्या, गिअर यांचं वजन वेगळंच.

काट्यावर काय ठेवावं

कंपनीच्या पत्रकात बहुधा उघड्या इंजिनाचं वजन असतं. सायलेन्सर, माउंट, स्टार्टर, बॅटरी, तेल, सगळं लावून वजन करा. नाकावर दहा किलो वाढले की तोल पुढे सरकतो. शेपटीत शिसं भरून तो सावरणं म्हणजे आजारावर आणखी एक आजार.

परवानगी आणि मैदान

कागदपत्रांना वेळ लागतो. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) नोंदणी मिळाली ती 2017 च्या नोव्हेंबरात. तुमचं विमान लहान असलं तरी पत्रव्यवहार पहिला पत्रा कापण्याआधी सुरू करा.

तारिहाळला आणखी एक अडचण आहे. हुबळीचा विमानतळ अगदी जवळ, त्यामुळे शेडसमोरच्या माळावरून उडायचा विचारही नको. विमान ट्रेलरवर घालून परवानगी असलेल्या धावपट्टीवर न्यावं लागेल. दोन आराखडे इंजिनाच्या दृष्टीने सारखेच ठरले, तर ज्याचे पंख दोघांना अर्ध्या तासात सोडवता येतात तो घ्या.