मुरगळलेला घोटा

वाराणसीचे घाट म्हणजे पायऱ्यांचे राज्य. तेथे धावताना मुलाचा पाय घसरतो, घोटा मुरगळतो आणि घरची वडील मंडळी हळद-तेल लावून तो चोळतात. पुष्कळदा एवढ्याने भागतेही. परंतु मूल 12 ते 15 वर्षांचे असेल, तर ही दुखापत निव्वळ मुरगळ नसण्याचा संभव असतो.

वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा पातळ थर असतो; हाडाची लांबी त्यातूनच वाढते. नडगीच्या खालच्या टोकाचा थर या वयात हाडात मिसळू लागतो, पण एकदम नव्हे. आधी मध्यभाग, मग आतली बाजू, शेवटी बाहेरची. याला सुमारे दीड वर्ष लागते. तेवढ्या अवधीत बाहेरचा कोपरा दुर्बळ राहतो. पाऊल बाहेरच्या बाजूस पिळवटले, की घोट्याजवळ दोन हाडांना बांधणारा अस्थिबंध स्वतः न तुटता हाडाचा तो कोपराच उपटून काढतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद तियो यांच्या नावाने हा अस्थिभंग ओळखला जातो.

निदानात फसगत होते, कारण समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात शेजारच्या बारीक हाडाची छाया भेगेवर पडते. म्हणून पाय किंचित आत वळवून दुसरे चित्र घ्यावे लागते. शंका उरल्यास सीटी स्कॅन करून फट मोजतात. फट 2 मिलिमीटरपर्यंत असेल, तर प्लास्टर पुरते. अधिक असेल, तर तुकडा जागेवर बसवावा लागतो, आणि तो हाताने न बसल्यास शस्त्रक्रिया करून स्क्रूने. या वयात उंचीची वाढ सरत आलेली असते. जपावयाचा असतो तो सांध्याचा गुळगुळीतपणा. तो बिघडला, तर पुढे सांधा झिजून कायमचे दुखणे मागे लागते. याउलट लहान मुलात कूर्चा दुखावली, तर पाय आखूड वा वाकडा होऊ शकतो. म्हणून हाड सांधल्यावरही त्याच्यावर दीर्घकाळ नजर ठेवावी लागते.

परंपरेनुसार सुश्रुताने याच काशीत दिवोदासापाशी शल्यविद्या घेतली. बालवयातील भंग एका महिन्यात सांधतो, मध्यमवयात दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे सुश्रुतसंहिता सांगते. बंध सैल असेल तर सांधा स्थिरावत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज व वेदना वाढतात, हेही ती बजावते. बालवयाचे हाड लवकर सांधते, म्हणूनच ते वाकडे सांधण्यापूर्वी पाहिले पाहिजे. घोटा सुजला, पाय टेकवेना, तर चोळणे थांबवावे, पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि मुलाला रुग्णालयात न्यावे.