जोडाचे रक्षण, श्वासाचे रक्षण

हवेत आर्गॉन वायू शंभरात एक भागही नाही. लॉर्ड रॅले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विल्यम रॅम्झी यांनी १८९४ मध्ये तो शोधला. तो कोणाशी संयोग पावत नाही म्हणून त्याला ‘आळशी’ अशा अर्थाचे ग्रीक नाव मिळाले. वेल्डिंगला नेमका हाच आळस हवा असतो. वितळलेल्या पोलादाला हवा लागली की जोड आतून सच्छिद्र होतो आणि वरून धड दिसूनही भार पेलत नाही. म्हणून मिग वेल्डिंगमध्ये तारेभोवती नोझलमधून वायूचे आवरण सोडतात.

तरीही साध्या पोलादासाठी निव्वळ आर्गॉन घेऊ नये. त्याने ठिणगी अस्थिर होते आणि जोड पत्र्यात न मुरता वर उंचवट्यासारखा बसतो. त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड लागतोच. गंजलेल्या मोटारीच्या पातळ पत्र्याला ५ टक्के पुरतो, फाटक किंवा कठड्याच्या जाड लोखंडाला १५ ते २० टक्के. निव्वळ कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, खोलवरही शिरतो. पण शिंतोडे फार उडतात आणि पातळ पत्र्याला भोके पडतात. शिवाय ब्रिटनमध्ये त्याच्या सिलिंडरचा आटा निराळा असल्याने आर्गॉनचा रेग्युलेटर त्याला बसत नाही. निव्वळ आर्गॉन ॲल्युमिनियमसाठी राखावा. घरी एकच सिलिंडर ठेवायचे असेल, तर माझा कौल १५ टक्क्यांच्या मिश्रणाला आहे.

फेकून देण्याजोगी छोटी सिलिंडरे स्वस्त दिसतात, पण हिशेब करून पाहावा. मिनिटाला ८ लिटर प्रवाह धरला, तर ६० लिटर वायू साडेसात मिनिटांत संपतो. याउलट १० लिटर धारणेच्या सिलिंडरात १३७ बार दाबाने सुमारे १,३७० लिटर वायू मावतो आणि तो पावणेतीन तासांहून अधिक पुरतो. अनामत भरून, भाड्याविना अशी सिलिंडरे येथे मिळतात.

यंत्राची जुळणी ही कानाने करायची गोष्ट आहे. पत्र्याच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर हा ढोबळ अंदाज. १ मिलिमीटर पत्र्याला ०.६ मिलिमीटरची तार बरी. आधी जाडीप्रमाणे व्होल्टेज ठरवावे, मग भंगाराच्या तुकड्यावर तारेचा वेग कमीजास्त करून पाहावा. वेग जास्त झाला की तार पत्र्यावर ठोकरते आणि टॉर्च हाताला मागे रेटते. कमी झाला की तार वितळत नोझलकडे सरकते. दोहोंच्या मध्ये एकसारखी, न तुटणारी तडतड ऐकू येते. वीणेच्या तारा फार ताणलेल्याही नकोत आणि फार सैलही नकोत, हा तथागतांनी सोण भिक्खूला दिलेला दृष्टांत यंत्रासमोर उभे राहिल्यावर हमखास आठवतो.

खरा पेच पुढेच आहे. वाऱ्याने वायूचे आवरण उडते, म्हणून माणसे गॅरेजचे दार लावून घेतात. जोड सुधारतो, पण धूर आत कोंडतो. वायूचा प्रवाह वाढवून वाऱ्यावर मात होत नाही. फार जोराचा झोत गिरक्या घेत बाहेरची हवाच आत ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर मानवाला कर्करोगकारक ठरवला. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीने, साध्या पोलादाचे काम असले तरी, बंदिस्त जागेत धूर खेचून घेणारी यंत्रणा हवीच, असे कारखान्यांना बजावले. मोकळी हवा खेळती आहे, एवढे कारण तिला पुरेसे वाटले नाही. घरच्या गॅरेजात मात्र निरीक्षक येत नाही.

वेस्ट मिडलंड्सच्या ओतशाळांत राबलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना धूर टाळण्याची मुभा क्वचितच होती. हौसेने काम करणाऱ्याला ती आहे. त्याने पंखा जोडावर रोखू नये. बाजूने, जोडापासून थोड्या अंतरावर धूर शोषून बाहेर टाकणारी नळी ठेवावी. चेहरा धुराच्या लोटाबाहेर ठेवावा आणि वेल्डिंगच्या मुखवट्याखाली मावेल असा, सूक्ष्म कण अडवणारा श्वसनमुखवटा लावावा. साधा कापडी फडका निरुपयोगी आहे. जस्ताचा मुलामा असेल तर तो जोडाभोवती आधी घासून काढावा, नाहीतर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आर्गॉन हवेहून जड असून त्याला वास नाही. गॅरेजात तपासणीचा खड्डा असेल तर तो तेथे साचतो आणि प्राणवायू हटवतो. म्हणून काम थांबले की सिलिंडरची झडपच बंद करावी, केवळ रेग्युलेटर नव्हे.