ही मैना कोण?

अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ज्याने कधी ऐकली नाही असा माणूस आपल्या कोल्हापुरात विरळा. पण ही मैना कोण, असे विचारले की एकमत होत नाही. कोणी म्हणतो मुंबई, कोणी म्हणतो बेळगाव-कारवार. एका गृहस्थांनी तर आम्हांस पटवू पाहिले की, मैना हा बोलणारा पक्षी, म्हणून ती मराठी भाषाच! नावामागे गुपित शोधण्याची ही हौस जगभर आहे. इंग्लंडातील बीटल्स मंडळींचे 'ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स' हे गाणे १९६७ साली आले, तेव्हा लोकांनी मुख्य शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्यातून एलएसडी हे नशेचे द्रव्य काढले. आपल्या लहान मुलाने काढलेल्या चित्राचे ते नाव, असे जॉन लेनन सांगत राहिला. पण लोकांना गुपितच हवे होते.

अण्णाभाऊंच्या बाबतीत गुपित कवीनेच शेवटी फोडले आहे. आधी गावी राहिलेल्या बायकोचे वर्णन, मग मुंबई, आणि अखेरीस खंडित महाराष्ट्राचे दुःख. तेथे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे उघड येतात. तेव्हा मैना मुंबई नव्हे, हे सरळ आहे. गाणारा स्वतःच मुंबईत उभा आहे. मुंबई गावावर राहील कशी?

आता 'राहिली' हा शब्द पाहा. सून माहेरी राहिली, म्हणजे मुक्कामाला थांबली. आणि कुळव मारायचा राहिला, म्हणजे व्हायला हवे होते ते झाले नाही. एकाच क्रियापदात मुक्कामही आहे आणि उणीवही आहे. बायको गावी थांबली, हा पहिला अर्थ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, पण डांग, उंबरगाव गुजरातेत गेले. हा भाग यायचा राहिला, हा दुसरा. शाहिराने कोडे घातलेले नाही; घरात रोज वापरला जाणारा शब्दच त्याने दोन्ही कामांना जुंपला.

आमची तक्रार वेगळीच आहे. सीमाप्रश्नाच्या सभेत हे नाव घेतले जाते, तेव्हा मैना तेवढी नकाशावरची उरते आणि हाडामांसाची बाई नाहीशी होते. निपाणी येथून चाळीसेक किलोमीटरांवर. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा अजून उभा आहे. ते दुःख खोटे नाही. पण ते लोकांच्या काळजाला भिडले, याचे कारण पहिला अर्थ हजारो घरांत आधीच घडत होता. वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ पोटासाठी मुंबईस गेले आणि गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. समोर बसणारा श्रोता रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा गिरणी कामगार. चाळीच्या एका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत, गावी मनीऑर्डर पाठवीत. त्या खोलीत बायको आणायची तरी कोठे? मजुरी एका माणसाच्या पोटापुरती आणि घर गावच्या शेतावर, हा मालकाच्या फायद्याचा हिशेब होता. तो कामगाराला कोणी समजावून सांगावा लागला नाही. त्याच्या दुःखाला हात घालून मगच शाहिराने त्याला बेळगावकडे वळविले. उलट क्रमाने गाणे चालले असते असे आम्हांस वाटत नाही.

भोजपुरीत भिखारी ठाकूर यांचे 'बिदेसिया' नाटक याच जातीचे: नवरा कलकत्त्यास, बायको गावी. फरक इतकाच की तेथे मागे राहिलेली बाई विलाप करते, येथे निघून गेलेला पुरुष.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एकदा गेटसभेपूर्वी आमच्या सोबत्याने ही छक्कड म्हटली. फौंड्रीत काम करणाऱ्या एका बिहारी मजुराने 'राहिली' म्हणजे काय, असे विचारले. आम्ही म्हटले, 'रह गई'. त्याने वळून आपल्या तिघा सोबत्यांना भोजपुरीत बरेच काही सांगितले. त्या सांगण्यात बेळगाव नव्हते. ते आम्ही नंतर चहाच्या वेळी सांगितले.