स्थलांतरित ज्येष्ठांचे मन आणि आपले कर्तव्य

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ लागले की उजवीकडे भोरचा आणि डावीकडे नारायणपूर-सासवडचा रस्ता फुटतो. भोर-वेल्ह्यातील कितीतरी तरुण याच फाट्यावरून पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेले, काही परदेशीही गेले. पुढे त्यांनी घरे घेतली आणि मग त्यांचे वृद्ध आई-वडीलही याच फाट्यावरून गाडीत बसले. तरुणांच्या स्थलांतराविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु साठी-सत्तरी उलटल्यावर गाव सोडणाऱ्यांच्या मनाचे काय होते, याचा विचार फारसा होत नाही. तो व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडील गेल्यावर आम्ही आईला पुण्यास आणले. स्वतंत्र खोली दिली, टी.व्ही. दिला, कामाला हात लावू दिला नाही. आपण मुलाचे कर्तव्य चोख बजावीत आहोत, असे आम्हाला वाटे. परंतु तीन महिन्यांत आईचे जेवण कमी झाले, झोप उडाली, सारखे अंग दुखू लागले. रक्त-लघवी तपासली, फोटो काढले, सर्व ठीक. एके दिवशी ती म्हणाली, "आरं, गावाला दिवसातनं धा जण हाक मारायचे. हितं मला कोण हाक मारतंय?" त्या दिवशी आमचे डोळे उघडले.

गाव सोडणारा म्हातारा माणूस केवळ घर सोडत नाही. त्याच्या हातून तीन गोष्टी सुटतात. पहिली ओळख : गावात तो कुणाचा आजा, कुणाचा मामा असतो, शहरात तो 'तिसऱ्या मजल्यावरचे बाबा' होतो. दुसरी काम : भातलावणीच्या वेळी ज्याचा सल्ला घेतला जाई, त्याला आता "तुम्ही नुसते बसा" असे सांगितले जाते. तिसरी पैसा : पासबुक मुलाच्या कपाटात, कार्ड सुनेच्या पर्समध्ये. बँकेच्या काउंटरवर आम्ही अनेक वृद्धांना केवळ पासबुक भरून घेण्यासाठी येताना पाहतो. खात्यात नवी नोंद नसते, हे त्यांना ठाऊक असते. चार शब्द बोलावेत, आपले खाते आपणच पाहावे, एवढीच त्यांची इच्छा असते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर 6 माणसांत 1 एकाकीपणाने ग्रासलेला आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारी, परंतु टाळता येण्याजोगी 14 कारणे सांगितली. त्यांत एकटेपणा, नैराश्य आणि कमी ऐकू येणे ही तिन्ही आहेत. ऐकू न येणारा माणूस बोलण्यातून हळूहळू बाजूला पडतो. म्हणून कानाची तपासणी ही मनाचीही काळजी होय. भूक, झोप व बोलणे कमी होणे, "आता मी कशाला जगू" अशी भाषा येणे, हे दोन आठवडे टिकले तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. जीव देण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये. मनाच्या आजारासाठी 14416 (टेलि-मानस) आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 हे सरकारी दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहेत.

घरात काय करता येईल?

1) झेपेल असे खरे काम त्यांच्याकडे सोपवावे. भाजी निवडणे, नातवाला शाळेतून आणणे. परंतु नातवंडे सांभाळण्याचा सक्तीचा बोजा नको.

2) त्यांचे पैसे त्यांच्या हाती असू द्यावेत. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये 70 वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याविषयी बँकांना सूचना दिल्या आहेत. त्याची चौकशी आपल्या शाखेत करावी.

3) गावाशी नाते तोडू नये. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट पडते. लग्न, मयत, जयंती यांना त्यांना आवर्जून पाठवावे.

4) घरातील निर्णयात त्यांना विचारावे. मत मानलेच पाहिजे असे नाही, पण विचारलेच पाहिजे.

घराबाहेर समाजाने काय करावे, याचे दाखले दूरच्या मराठी माणसांनी घालून दिले आहेत. अमेरिकेत 1981 मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' हा उपक्रम चालविला. तेथे गाडी चालविता न येणारा आजोबा मुलगा कामावरून येईपर्यंत घरातच अडकतो. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल मंडळींनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढले. आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटणे, हे मोठे औषध आहे. आपल्या विहारात आठवड्यातून एक दुपार केवळ ज्येष्ठांसाठी राखून ठेवली, तर त्यास खर्च तो काय? चहा, सतरंजी आणि ऐकणारी माणसे.

विद्यार्थी मित्रांनी यात पुढाकार घ्यावा. आपल्या वाडीची जुनी हकीगत, लावणीच्या दिवसांतील आठवणी, समाजाने सोसलेले कष्ट हे सारे या माणसांजवळ आहे. वही घेऊन बसा, विचारा आणि लिहून घ्या. त्यांना हाक मिळेल, तुम्हाला इतिहास मिळेल.

आमच्या आईस पुढे शेजारच्या इमारतीत वेल्ह्याकडील एक मावशी भेटल्या. आता दोघी रोज संध्याकाळी जिन्यात बसतात. आई पूर्वीसारखी झाली असे आम्ही म्हणणार नाही. गाव ते गावच. पण ती पुन्हा जेवू लागली आणि आमच्यावर रागावूही लागली. आई-वडिलांना शहरात आणणाऱ्या प्रत्येक बांधवास एवढीच नम्र विनंती, की त्यांना खोली द्या, औषध द्या. पण त्याबरोबर दिवसातून दहा वेळा हाकही मारा.