पंख्यासमोरचा ‘आऽऽ’ आणि डॅलेकचा दरारा

साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘मुलगी हेडफोन लावून ‘डॉक्टर हू’च्या इंग्रजी श्रुतिका ऐकते. त्यातल्या डॅलेक नावाच्या रोबोटचा आवाज यंत्राचाच असणार. मग कलाकारांच्या यादीत त्याच्यापुढे माणसाचं नाव कसं?’

(चाहते रागावण्याआधी सांगतो, डॅलेक हा रोबोट नव्हे. त्या पत्र्याच्या डब्यात एक बेडौल, चिडका जीव बसलेला असतो.)

टेबलफॅनसमोर तोंड नेऊन ‘आऽऽ’ केलं नाही असं मूल आपल्याकडे सापडणं कठीण. मिनिटाला तेराशे फेरे घेणाऱ्या पंख्याची तीन पाती सेकंदाला ६५ वेळा आवाजाच्या आड येतात. आवाज लहानमोठा होतो, थरथरतो. पण ‘सा’ हा ‘सा’च राहतो. पंख्याशी कोण खेळतंय, ते आईला स्वयंपाकघरातूनही कळतं.

डॅलेकचा आवाज ही याच खेळाची पुढची पायरी. डिसेंबर १९६३ मध्ये बीबीसी टेलिव्हिजनवरच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत डॅलेक पहिल्यांदा आले. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या ब्रायन हॉजसन यांनी त्यांच्यासाठी नटाचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून काढला. चार डायोडची साखळी गोल जोडायची, हा या उपकरणाचा गाभा. ते आवाजाला दुसऱ्या एका कंपनाने चक्क गुणतं. हॉजसन यांनी ते कंपन सेकंदाला ३० चं घेतलं. दोन लहरींचा गुणाकार केला की मूळच्या दोन्ही नाहीशा होतात आणि त्यांच्या वारंवारतांची बेरीज-वजाबाकी तेवढी उरते. साइन-कोसाइनची सूत्रं पाठ करताना ‘ही कुठे लागणार?’ असं आपण सगळ्यांनीच विचारलं होतं. ती इथे लागली.

गळ्यातून २०० हर्ट्‌झचा सूर निघतो तेव्हा सोबत ४००, ६०० असे पटीतले उपस्वरही निघतात. ते पटीत असतात म्हणून कानाला एकच सूर ऐकू येतो. मॉड्युलेटरमधून बाहेर पडतात १७० नि २३०, ३७० नि ४३०, ५७० नि ६३०. पट मोडली, सूर हरवला! तबल्याची गोष्ट नेमकी उलटी. नुसतं ताणलेलं कातडं बेसूरच वाजतं, शाईचा थर त्याचे उपस्वर पटीत आणून बसवतो. १९२० साली सी. व्ही. रामन यांनी हे मांडलं, तेव्हा शाई घोटणारे कारागीर ते पिढ्यान् पिढ्या करत आले होते. शाईने जमवलेलं मॉड्युलेटर विसकटतं.

तरीही डॅलेक काय बोलतो ते कळतं, आणि मला खरी गंमत इथेच वाटते. ‘आ’ की ‘ई’ हे तोंडाच्या पोकळीत कुठल्या वारंवारता घुमतात यावर ठरतं. त्या काहीशे ते दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या घरातल्या. तीसच्या फरकाने त्यांचं काही बिघडत नाही. ‘ट’, ‘स’ यांसारखी व्यंजनं म्हणजे बहुतांशी नुसता गोंगाट, आणि गोंगाटाला गुणलं तरी गोंगाटच उरतो. शब्द शाबूत, माणूस तेवढा गायब.

हे उपकरण नाटकासाठी जन्मलेलंच नव्हतं. एकाच तारेवरून अनेक संभाषणं पाठवता यावीत म्हणून टेलिफोनच्या इंजिनिअरांनी ते आणलं. ते प्रत्येक आवाज वेगवेगळ्या उंचीवर सरकवत आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा जागेवर आणत. वर्कशॉपच्या मंडळींनी फक्त शेवटची पायरी गाळली. असला जुगाड हॉजसन यांच्या हातचा मळ होता. त्यांनी आईच्या घराची किल्ली मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर खरवडली आणि त्यातून मालिकेतल्या कालयानाचा आवाज घडवला.

मग कलाकारांच्या यादीत उपकरणाचंच नाव द्यावं की! मीही घरी करून पाहिलं. वीजबिल मोठ्याने वाचलं आणि संगणकावर त्याला ३० हर्ट्‌झने गुणलं. ऐकू आलं ते वीजबिलच, फक्त घशात माशी अडकलेलं. दरारा शून्य. पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम या पहिल्या डॅलेक-नटांनी काय केलं ते तेव्हा उमगलं. एकेक अक्षर तोडायचं, सगळ्यांवर सारखं वजन द्यायचं, स्वर ताणायचा, कारण थरथर स्वरावरच चढते, आणि संताप वाढेल तसा आवाज चढवत न्यायचा. यंत्राने दिला तो पोत, राग माणसाचाच.

१९९९ पासून ‘डॉक्टर हू’च्या श्रुतिका काढणाऱ्या बिग फिनिशमध्ये डॅलेकचे आवाज निकोलस ब्रिग्ज देतात, २००५ पासून टेलिव्हिजनवरही तेच. नुसत्या श्रुतिकेत तर पत्र्याचा डबाही दिसत नाही, सगळा डॅलेक गळ्यातूनच उभा करायचा. ब्रिग्ज बोलतात तेही मॉड्युलेटर जवळ ठेवून. तबलजी हातोडीने ठोकून, कान लावून, पुन्हा ठोकतो, तसा बदललेला आवाज ऐकत ऐकत ते पुढचा शब्द टाकतात. हल्ली ऑडिओबुकं संगणकाच्या आवाजात वाचून घेण्याचा गाजावाजा चालू आहे. माणसासारखा आवाज जमलाही असेल, पण त्यात आपण काय बोलतोय ते ऐकणारं कोणी आहे का, एवढंच मला विचारायचंय.

तेव्हा साताऱ्याच्या वाचकांनो, नाव हवंच. नाव न दिल्याने काय होतं तेही सांगतो. याच मालिकेचं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी लिहिलं. पण फितीचे तुकडे कापून, जोडून, स्वर न् स्वर घडवला तो वर्कशॉपच्या डेलिया डर्बिशायर यांनी. श्रेयनामावलीत त्यांच्या जागी फक्त ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ आलं. डर्बिशायर २००१ मध्ये गेल्या. पडद्यावर त्यांचं नाव झळकलं २०१३ मध्ये, पन्नास वर्षांनी.