अरुंदमापी रेल्वेची प्रतिकृती

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे गेज ७६२ मिलिमीटर होते. अशा मार्गाची १:४८ प्रमाणात, म्हणजे मूळच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढी, प्रतिकृती करताना हे अंतर सुमारे १५.९ मिलिमीटर भरते, आणि १६.५ मिलिमीटरचे तयार रूळ त्याच्या जवळचे असल्याने हौशी कारागीर तेच वापरतात. ही तडजोड सर्वस्वी योग्य आहे. देखभालीत मात्र तडजोड चालत नाही. मोटरला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते आणि लहान इंजिनाला चाके मोजकीच असतात, त्यामुळे रुळांवर काळपट थर साचताच ते सांध्यांवर अडखळते. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या सुती फडक्याने रुळांबरोबर चाकांच्या धावाही, म्हणजे रुळावर टेकणाऱ्या कडाही, पुसाव्यात, कारण मळक्या धावांमुळे पुसलेला रूळ लगेच पुन्हा माखतो.